क्रिटिकल इलनेस आहे म्हणजे सगळं कव्हर आहे? या चुका टाळा

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाला छातीत जड वाटायला लागलं, अँजिओग्राफीत ९०% ब्लॉक निघाला, दोन स्टेंट टाकले आणि तिसऱ्या दिवशी घरी. बिल मेडिक्लेममधून कॅशलेस झालं. मग वहिनी म्हणाल्या, अहो आपलं ते १० लाखांचं क्रिटिकल इलनेस (गंभीर आजाराचा विमा) पण आहे ना, त्याचा क्लेम टाका की. टाकलं, आणि महिन्याभराने क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र आलं. दादा भडकला, म्हणे हार्टचं देत नाहीत तर काय सर्दीखोकल्याचं देणार का!

मग मी पॉलिसीची पीडीएफ उघडून बसलो. त्यात हार्टच्या दोनच ओळी आमच्या कामाच्या होत्या, एक पहिला हार्ट अटॅक आणि दुसरी ओपन चेस्ट बायपास. डिस्चार्ज कार्डवर अटॅकचा उल्लेखच नाही, ट्रोपोनिन (हार्ट अटॅक ओळखायची रक्ततपासणी) निगेटिव्ह, आणि छाती तर उघडलीच नव्हती, हाताच्या नसेतून काम झालेलं. म्हणजे कंपनी तिच्या नियमाने बरोबर होती. चूक पॉलिसी घेताना झाली होती, सहा वर्षांपूर्वी, एजंटच्या समोर चहा पिताना.

तर पहिली चूक हीच, क्रिटिकल इलनेसला मोठा मेडिक्लेम समजणं. हे कव्हर बिलावर पैसे देत नाही, आजाराच्या व्याख्येवर देतं. व्याख्येत बसलात तर पूर्ण रक्कम एकदम खात्यात, मग तुम्ही त्यातून कर्जाचे हप्ते भरा नाहीतर घर चालवा, कोणी विचारत नाही. नाही बसलात तर शून्य. कॅन्सर लिहिलेलं असतं पण अगदी सुरुवातीच्या, जागेवरच असलेल्या स्टेजचा बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. स्ट्रोक असतो पण कायमचा परिणाम राहिलाय हे किमान ३ महिन्यांनी दाखवावं लागतं, दोन तासांत बरा झालेला छोटा झटका चालत नाही. अँजिओप्लास्टी काही पॉलिसीत वेगळी दिलेली असते पण तिथे रकमेला लिमिट असू शकतं, ते बघा. आणि सर्व्हायव्हल पिरियड नावाचा प्रकार, म्हणजे निदानानंतर साधारण ३० दिवस माणूस जगला पाहिजे, काहींमध्ये कमी असतो. शिवाय पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले ९० दिवस बऱ्याचदा काहीच मिळत नाही.

दुसरी चूक याच्या उलट बाजूची आणि माझ्या मते जास्त महागात पडणारी. लोक म्हणतात माझी डिसॅबिलिटी पॉलिसी आहे, म्हणजे काम करता आलं नाही तर पैसे देणारी. बघायला गेलं तर ती पर्सनल अ‍ॅक्सिडेंट असते, आणि तिच्यात अपघात हा शब्द अगदी शब्दशः घ्यायचा, अचानक, बाहेरून, दिसेल असं काहीतरी झालं पाहिजे. बाईकवरून पडून पाय गेला तर मिळेल. मणक्याची गादी सरकून सहा महिने अंथरुणात असाल तर नाही. आपल्याकडे आजारपणामुळे पगार थांबला म्हणून दर महिन्याला पैसे देणारी वैयक्तिक पॉलिसी जवळपास मिळतच नाही. अमेरिका-कॅनडात असते तशी, तिथे नोकरीतून लाँग टर्म डिसॅबिलिटी असते आणि पगाराच्या साधारण ६०% मिळतात, म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इथे पॉलिसी शोधणाऱ्यांचा गोंधळ होतो. (तिकडे असाल तर एक बघा, पहिली दोन वर्षं 'तुमचं काम जमत नाही' एवढं पुरतं आणि नंतर बऱ्याच पॉलिसीत 'कुठलंच काम जमत नाही' असं होतं.)

इथे आजारपणात पगाराचा काही भाग देणारी सोय म्हणजे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), पण पगार महिन्याला २१,००० च्या आत असेल तर. त्यात आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७०% मिळतात आणि ठरावीक ३४ मोठ्या आजारांना ८०% दराने दोन वर्षांपर्यंत. कारखान्यातली कितीतरी पोरं ईएसआय कापतात म्हणून कुरकुरतात, पण अर्ज कुठे करायचा ते विचारत नाहीत.

पर्सनल अ‍ॅक्सिडेंटमध्येही कुठल्या इजेला किती टक्के मिळतात तो तक्ता न वाचता घेऊ नका. मोडका पाय घेऊन तीन महिने घरी बसणं हे वेगळं कलम असतं, टेंपररी टोटल, आणि ते बऱ्याचदा ऑप्शनल असतं. सरल सुरक्षा बीमा या ठरावीक साच्याच्या अपघात पॉलिसीत ते घेतलं तर आठवड्याला मूळ रकमेच्या ०.२%, म्हणजे १० लाखांवर २,००० रुपये, जास्तीत जास्त १०० आठवडे. न घेतलं तर फ्रॅक्चरच्या काळात हातात काही नाही. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात त्या प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेवर तर अजिबात विसंबू नका, दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात-पाय गेले तर २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर १ लाख, बोट तुटलं तर काही नाही. तीन बँकांतून कापले तरी क्लेम एकाच खात्यावर.

अजून एक, सिव्हिल हॉस्पिटलचं ४०% अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे म्हणून विम्याचे ४०% मिळतील असं गणित करू नका. ते सर्टिफिकेट सरकारी सवलतींसाठी, विमा कंपनी आपला तक्ता बघते.

टर्म प्लॅनसोबत (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) क्रिटिकल इलनेस रायडर, म्हणजे जोड-कव्हर, घेतला असेल तर तो अ‍ॅक्सिलरेटेड आहे का ते विचारा. असेल तर आजारात १५ लाख मिळाले की मृत्यूनंतरच्या कव्हरमधून तेवढे वजा. हे घरच्यांना आधीच माहीत पाहिजे.

क्लेम नाकारलाच तर आधी पत्रात नेमकं कुठलं कलम लिहिलंय ते शोधा आणि डॉक्टरांना तीच व्याख्या दाखवून विचारा की रिपोर्टमध्ये ते बसतं का. बऱ्याचदा ट्रोपोनिनसारख्या रक्ततपासणीचा रिपोर्ट किंवा जुना ईसीजी जोडायचाच राहिलेला असतो. बसत असेल तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जा, मुंबई आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, मात्र नकारानंतर एक वर्षाच्या आत जायला हवं.

आम्ही गेलो नाही, कारण व्याख्येत खरंच बसत नव्हतं. दादाने पॉलिसी ठेवलीये पण आता मेडिकल हिस्ट्री झाल्यामुळे दुसरी कंपनी सरळ द्यायला तयार नाही, आणि वहिनींनी पीडीएफमधली ती दोन पानं प्रिंट काढून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलीत.