लिंकवर क्लिक करणाऱ्याला रागावू नका : सायबर सुरक्षेतल्या या चुका टाळा

संध्याकाळची वेळ, काम आवरून निघायची घाई. एचआरच्या नावाने मेल येतो. लिंक उघडल्यावर नेहमीचंच लॉगिन पान दिसतं. डेव्हलपर पासवर्ड टाकतो, पण पुढे काहीच उघडत नाही. मग त्याची नजर वर पत्त्याकडे जाते. कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त आहे. पोटात गोळा येतो. आता तो सिक्युरिटी टीमला फोन करेल, की टॅब बंद करून गप्प बसेल?

मागच्या महिन्यात अशाच चुकीसाठी कुणाला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली असतील, तर तो गप्पच बसेल. चुकलेल्याला शिक्षा करणं ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. क्लिकपेक्षा त्यानंतरचं मौन जास्त नुकसान करतं.

जुलै २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सुरक्षा पुरवणाऱ्या कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना बनावट लॉगिन पानाचे एसएमएस आले. तिघांनी पासवर्ड टाकलेही. पण लॉगिनसाठी हार्डवेअर सिक्युरिटी की, म्हणजे ओळख पटवणारं चावीसारखं छोटं उपकरण, सक्तीची होती. ही की खऱ्या डोमेनशी, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याशी, बांधलेली असते, बनावट पानावर चालत नाही. त्यामुळे हल्लेखोरांना आत शिरता आलं नाही. त्या तिघांना कंपनीने ठपका दिला नाही आणि हे जाहीरपणे सांगितलं. चूक होणारच हे गृहीत धरून यंत्रणा उभारली होती, म्हणून असं वागणं परवडलं.

म्हणून कळवणाऱ्याला पहिलं उत्तर द्या, ‘बरं झालं लगेच सांगितलंत.’ मग कामाला लागा : पासवर्ड बदला, चालू असलेली सगळी सेशन्स (उघडी राहिलेली लॉगिन्स) रद्द करा, तोच मेल इतरांच्या इनबॉक्समधून काढा. दोन गोष्टी हमखास राहून जातात. हल्लेखोराने खात्यात स्वतःचा फोन ओटीपीसाठी जोडलाय का, आणि मेल परस्पर बाहेर पाठवणारा एखादा नियम लावून ठेवलाय का, हे तपासा. नाहीतर पासवर्ड बदलूनही तो आतच राहतो.

फिशिंग चाचणीचा सापळा करणं

डिसेंबर २०२० मध्ये गोडॅडी या वेबसाइटची नावं विकणाऱ्या कंपनीने कर्मचाऱ्यांना बोनस मिळणार असल्याचा मेल पाठवला. ती फिशिंगची, म्हणजे बनावट मेलला कोण फसतं हे बघायची, चाचणी निघाली. लोक चिडले आणि कंपनीला माफी मागावी लागली. लोकांच्या गरजेशी खेळलात, तर पुढचा खरा मेलही ते संशयाने उघडतील आणि तुमच्याशी बोलणं टाळतील. चाचणी जरूर घ्या, पण किती जण फसले एवढंच मोजू नका. किती जणांनी कळवलं आणि पहिली तक्रार किती मिनिटांत आली, हे मोजा. कळवायचं बटण मेलमध्येच हवं. त्यासाठी फॉर्म शोधत बसावं लागलं, तर कुणी कळवणार नाही.

‘एमएफए आहे, आता काळजी नाही’

एमएफए म्हणजे पासवर्डसोबत ओटीपी किंवा फोनवरची मंजुरी असा दुसरा पुरावा मागणं. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या फोनवर मंजुरीच्या विनंत्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या. शेवटी त्याने एक स्वीकारली आणि हल्लेखोर आत गेला. निव्वळ ‘मंजूर’ बटणाऐवजी लॉगिनच्या स्क्रीनवरचा अंक फोनवर टाकायला लावा. शक्य तिथे सिक्युरिटी की द्या. आणि प्रत्येकाला समजावून सांगा : आपण लॉगिन करत नसताना विनंती आली, तर बहुधा पासवर्ड आधीच कुणाच्या तरी हातात पडलाय. नुसतं ‘नाही’ दाबून सोडू नका, कळवा.

दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती असेल, तर ती काढा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच कारणाशिवाय तशी सक्ती करू नये असं सांगितलं. लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात.

गिटमध्ये की गेली, तर नुसती ओळ पुसणं

गिट ही कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारी प्रणाली. तिथे कोडसोबत एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त चावी) पुश झाली, म्हणजे चढवली गेली, की अनेक जण ती ओळ काढून नवी कमिट (बदलाची नोंद) करतात आणि सुटकेचा श्वास सोडतात. पण की जुन्या इतिहासात तशीच असते. आधी की रद्द करून नवी घ्या, मग ती कुठे वापरली गेली त्याच्या नोंदी बघा, इतिहासाची साफसफाई त्यानंतर. आणि कमिटआधीच की पकडणारा स्कॅनर लावा. थकलेल्या माणसाच्या लक्षावर हे सोडणं अन्याय आहे.

वरिष्ठांना सूट

संचालकांच्या नावाने ‘तातडीने पैसे पाठवा’ असा मेसेज येतो. अकाउंट्समधली मुलगी खात्री करायला त्यांना फोन करते आणि तिला ऐकावं लागतं, ‘एवढंही स्वतःहून जमत नाही?’ पुढच्या वेळी ती फोन करणार नाही. संचालकांनी सगळ्यांसमोर स्वतःच सांगावं : माझ्या नावाने पैसे किंवा पासवर्ड मागितला गेला, तर आधी माझ्या नेहमीच्या नंबरवर फोन करा, मी मीटिंगमध्ये असलो तरी.