घरच्या सामानातून मचाण, पूल आणि पाण्याचा पाट: मुलांना बांधायला देताना या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे अकरानंतर मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, गल्ली ओस पडते. अशा दुपारी गेली काही वर्षं आमच्या ओसरीवर आजूबाजूची सात-आठ मुलं जमतात आणि काहीतरी बांधतात. सामान घरातलंच: रद्दी, तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या), सुतळी, खोके, जुन्या लग्नपत्रिका, ठिबक सिंचनाची उरलेली नळी. हे बघून काही आया-बाबांनी घरी करून पाहिलं आणि "दहा मिनिटांत कंटाळली पोरं" म्हणून सोडून दिलं. मी नीट विचारलं तेव्हा बहुतेक ठिकाणी मुलांचा दोष नव्हता. खाली लिहिलेल्यापैकी एखादी चूक झाली होती. यातल्या बऱ्याच माझ्याही हातून झाल्या आहेत.

पडायला लागलं की हात पुढे करणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी तीच सांगते.

सहावीतल्या एका मुलीला मी मचाण बांधायला सांगितलं होतं. शेतात राखणीला असतं तसंच, पण वीतभर उंचीचं, आणि त्यावर एक लिटर पाण्याची भरलेली बाटली उभी राहिली पाहिजे. तिने तुराटीचे चार पाय उभे केले, वर चार काड्यांची चौकट बांधली, चौकटीवर आडव्या काड्या अंथरल्या. सुतळीच्या गाठी माझ्यापेक्षा नीट. बाटली ठेवली आणि मचाण हळूहळू डावीकडे कलायला लागलं. एकही काडी मोडली नाही, एकही गाठ सुटली नाही. चारही पाय एका बाजूला झुकत गेले, जणू मचाण आडवं निजायला निघालं होतं. मी पटकन एक तुराटी उचलली, दोन पायांमध्ये तिरपी बांधून दिली. मचाण उभं राहिलं. मुलगी खूश, मीही खूश.

पुढच्या आठवड्यात तिने स्वतः दुसरं मचाण बांधलं. तिरप्या काडीशिवाय. आणि ते तसंच डावीकडे निजलं.

त्या दिवशी मला कळलं की आधीच्या आठवड्यात मचाण माझं उभं राहिलं होतं, तिचं नाही. तिच्या लेखी ती तिरपी काडी म्हणजे मावशीने लावलेला टेकू, बाकी काही नाही.

आता मी पडू देते आणि एकच प्रश्न विचारते: "पडलं कुठून?" काडी मोडली, गाठ सरकली, पाय घसरला की सगळंच कललं? या चार उत्तरांवर चार वेगळे इलाज आहेत, आणि उत्तर मुलानेच शोधायचं. पहिल्यांदा सांगता येत नाही, कारण पडणं फार झटकन होतं. म्हणून दुसऱ्यांदा मुद्दाम पाडायचं, हाताने हळूहळू दाबत, डोळे मचाणाच्या उंचीवर आणून. आमच्या ओसरीवरचा एक चिमुरडा घरी अहिराणी बोलतो. त्याचं ठरलेलं वाक्य आहे, "आखो करूत." पुन्हा करू या. पडल्यावर हे वाक्य आलं की मी निर्धास्त होते.

कलण्याचं कारण दाखवायला लग्नपत्रिका उत्तम. जाड कागदाच्या सारख्या लांबीच्या चार पट्ट्या कापा, टोकांना टाचणीने जोडून चौकोन करा. बोटाने ढकलला की चौकोन लगेच तिरका होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा, तो हलत नाही. पट्टी वाकेल, फाटेल, पण आकार बदलणार नाही. एवढं हाताला कळल्यावर मुलांना बाहेर दाखवायला भरपूर आहे. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निघालेल्या लाइनचे टॉवर शेताशेतांतून गेलेत, त्यात त्रिकोण मोजायला सांगा. गाडी लोखंडी गर्डरच्या पुलावरून जाताना खिडकीतून सरसर मागे पळणारे तिरपे दांडे दाखवा. त्या मुलीने टॉवर बघून आल्यावर चारही बाजूंना तिरप्या काड्या घातल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

"छान काहीतरी बनवा" असं सांगणं

मोघम कामाला मुलं मोघमच उत्तर देतात. अंतर, वजन आणि सामानाची मर्यादा, तिन्ही सांगा: दोन पुस्तकांच्या चळतींमध्ये २० सेंटीमीटर अंतर, एकच झेरॉक्सचा कागद, त्यावर जास्तीत जास्त वजन. एवढं सांगितलं की घाईघाईने उठणारी मुलंही बसतात. सामान भरपूर दिलं तर मात्र खेळ संपतो, कारण दहा कागद एकावर एक ठेवले की पूल होतोच आणि विचार करायची गरज उरत नाही.

कागदाचा पूल: कुठे बिघडतं

सपाट कागद दोन नाण्यांतच खाली झुकतो. मग मुलं पंख्यासारख्या घड्या घालतात आणि तोच कागद कितीतरी जास्त वजन घेतो. इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. पुढे मात्र तीन ठिकाणी अडतं.

पहिलं, घड्यांची दिशा. घड्या पुलाच्या लांबीने धावल्या पाहिजेत, या चळतीवरून त्या चळतीवर. रुंदीने घातल्या तर पूल प्रत्येक घडीत मोडतो.

दुसरं, घड्यांची उंची. कागद तेवढाच असला तरी घडी दुप्पट उंच केली की ताठपणा साधारण चौपट होतो. म्हणून फूटपट्टी आडवी धरली तर वाकते आणि कडेवर उभी धरली तर वाकत नाही, हे आधी मुलांच्या हातात देऊन दाखवा. पण उंचीचा लोभ फार केला की तिसरी अडचण येते: वजन पडल्यावर घड्या बाजूला फाकतात आणि कागद पुन्हा सपाट होतो. कागद कमजोर नसतो, घड्या उघडतात एवढंच. दोन्ही टोकांना आणि मध्ये खालून कागदाची अरुंद पट्टी आडवी चिकटवा, घड्या जागच्या जागी राहतात. ही पट्टी मुलांना सुचायला वेळ लागतो. थांबा. सुचते.

वजन मोजण्यात अजून एक घोळ होतो. मुलं "माझ्या पुलाने तीस नाणी घेतली" म्हणतात, पण एक, दोन, पाच रुपयांची नाणी सारख्या वजनाची नसतात. एकाच रुपयाची जुनी आणि नवी नाणीही वेगळी भरतात. त्यावरून आमच्याकडे खरंच भांडणं झाली आहेत. आता आम्ही पुलाच्या मधोमध दोऱ्याने कागदी कप टांगतो आणि खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या टोपणाने त्यात पाणी ओततो. १ मिलिलिटर पाणी म्हणजे १ ग्रॅम वजन, त्यामुळे १०-१० मिलीची टोपणं मोजली की हिशेब पक्का. शिवाय नाणं टाकताना बसतो तसा हिसका बसत नाही. पाणी हळूहळू वाढतं आणि पूल कुठून वाकायला लागतो ते डोळ्यांना दिसतं.

खोका कसाही कापणं

खोक्याच्या पुठ्ठ्यात मधल्या थराला नागमोडी नळ्या असतात. पट्टी कापताना त्या नळ्या पट्टीच्या लांबीने आल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर पट्टी हातात धरताच मोडते आणि मूल म्हणतं, पुठ्ठा बेकार आहे. पुठ्ठा चांगला असतो, कापणं चुकलेलं असतं.

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातल्यांना हे समजावायला वेगळं काही लागत नाही. घड कापल्यावर पडलेलं केळीचं खोड घ्या, एक सोपट (खोडाचा एक पदर) सोलून आडवं कापा आणि कापाकडे बघा. आत-बाहेर दोन पातळ पदर, मध्ये आडपडदे, त्यांच्यात हवेचे कप्पे. पुठ्ठ्याची रचना आणि ही एकाच घराण्यातली. म्हणूनच ते हलकं असून ताठ राहतं आणि पाण्यावर तरंगतं. त्याचा तराफा फार छान होतो. फक्त जुने कपडे घाला, केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही.

टेपवर भरवसा ठेवणं

मे महिन्यात चिकटपट्टीचा गोंद नरम पडतो, सकाळी घट्ट असलेला सांधा दुपारी सरकतो. तुराटीवर धूळ असेल तर तो मुळात बसतच नाही. आधी काड्या ओल्या फडक्याने पुसून वाळवा, आणि टेपऐवजी सुतळी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरा. ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली की स्वतःच आवळून धरते, लहान बोटांनाही जमते. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे यांतून सांधे करायची जी युक्ती देशभर नेली, ती याच कारणाने टिकली असं मला वाटतं: सांधा हलतो, पण सुटत नाही. टूथपिक असतील तर रात्रभर भिजवलेले हरभरे सांधे म्हणून वापरा. टोचायला मऊ असतात, आणि दोन दिवसांत वाळून आकसतात तेव्हा काडीला घट्ट धरतात. लगेच वजन मात्र ठेवू नका.

काड्या ओल्या घेऊ नका. ओला धांडा (ज्वारीचं ताट) वाळताना बारीक होतो आणि आठवड्याने प्रत्येक गाठ सैल झालेली असते. रद्दीची नळी करत असाल तर ती कोपऱ्याकडून, झाडूच्या काडीवर घट्ट गुंडाळा. लांब नळी दाबली की मधून बाक घेते. मध्ये एक आडवी नळी बांधून तिची मोकळी लांबी निम्मी केली तर ती जवळजवळ चौपट भार सोसते.

शेतातलं सामान न बघता घरात आणणं

यावर मी अजिबात तडजोड करत नाही. कपाशीच्या फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा किंवा बाटली मुलांच्या हाती द्यायची नाही. धुतली तरी नाही, दोन वर्षं कोपऱ्यात पडलेली असली तरी नाही. लेबलवरच्या चौकटीत लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, तो विषारीपणाची पायरी सांगतो. हिरवा म्हणजे निर्धोक असं समजू नका. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) ही मी टाळते, कारण त्यांच्यावर हंगामभर फवारे पडलेले असतात. तुराट्या घेताना शेवटची फवारणी कधी झाली ते घरात विचारा, खात्री नसेल तर खराट्याच्या काड्या बऱ्या. आणि विळीवर कापायचं काम मोठ्यांनी करावं. हात पुढे करायचा तो इथे.

पाणी "येतच नाही"

मुलांना सगळ्यात जास्त रमवतो तो पाण्याचा खेळ, आणि सगळ्यात लवकर सोडलाही तोच जातो. अंगणात वीतभर खोल चर खणा, तो नाला समजा. अलीकडचं पाणी नाल्याच्या तळाखालून पलीकडे न्यायचं, मध्ये नाल्यात सांडू द्यायचं नाही. ही कल्पना आपल्याच भागातली आहे. प्रसिद्ध अभियंते विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीच्या कामांतच त्यांनी धुळ्याकडे पांझरा नदीवर नळाचा सायफन बांधला. पाणी नळातून खाली उतरतं आणि पलीकडे पुन्हा वर चढतं. त्याच पांझरेकाठी फड या सामूहिक सिंचनाच्या पद्धतीत गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बंधाऱ्यावरून पाट काढून केवळ उतारावर शेतं भिजवली. पंप नाही, विजेचं बिल नाही.

बाटली मधून कापून वरचा भाग उलटा धरा, तो झाला पाण्याचा उगम. ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीच्या टोकाला ट्यूबची पट्टी गुंडाळून ती बाटलीच्या तोंडात घट्ट बसवा. ड्रीपरची भोकं पडलेला तुकडा घेऊ नका, पाणी वाटेतच झिरपतं. आता पाणी येत नसेल तर दोन गोष्टी तपासा. पलीकडचं टोक बाटलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर आहे का? पाणी जेवढ्या उंचीवरून निघालं त्याच्या वर आपणहून चढणार नाही, गवंड्याच्या लेव्हलच्या नळीत दोन्हीकडे सारखं पाणी दिसतं ते याच कारणाने. ते ठीक असेल तर नळीला मध्येच कुठे उंचवटा आलाय का बघा. तिथे हवा अडकते आणि पाणी पुढे सरकू देत नाही.

मागच्या मे महिन्यात आमचे तिघे अर्धा तास यावरच अडले होते. ठिबकची नळी काळी, आतलं काही दिसत नाही. नळी फुंकली, आपटली, बाटली वर उचलली, तरी थेंब नाही. मग एकीने घराचं बांधकाम चालू असलेल्या काकांकडून लेव्हलची पारदर्शक नळी मागून आणली आणि काळी काढून ती बसवली. चराच्या काठावर नळी जिथे उचलली गेली होती, तिथे बोटभर लांब बुडबुडा अडून बसलेला दिसला. तिने पलीकडचं टोक जमिनीवर आणलं, दुसऱ्याने अलीकडून धार धरली, बुडबुडा हळूहळू सरकत टोकाशी आला आणि फुटला. मग टोक उचलून परत विटेवर ठेवलं. पाणी वाहतच राहिलं. ते बघून तिघांनी काळी नळी पुन्हा लावली आणि या वेळी आतलं न दिसताही हवा बरोबर बाहेर काढली.