कॅलसमध्ये जस्त खरोखर किती साठले? मोजण्याची रीत

कॅलस म्हणजे माध्यमात वाढवलेला, अवयव न बनलेल्या वनस्पतीपेशींचा गोळा. त्यातले जस्त पेशीत शिरले, पेशीभित्तीला नुसते चिकटले, की हातमोज्यातून नमुन्यात आले, यंत्राला तिन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीची कामेच जास्त काटेकोरपणे करावी लागतात.

एमएस (मुराशिगे-स्कूग) या ऊतीसंवर्धनाच्या नेहमीच्या माध्यमात झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट लिटरला ८.६ मि.ग्रॅ. असते, म्हणजे सुमारे ३० मायक्रोमोलर. हेच नियंत्रण (तुलनेचा आधार) धरा. सूक्ष्म अन्नद्रव्यांचा स्टॉक (दाट साठा-द्रावण) जस्त वगळून बनवा आणि जस्ताचा स्टॉक वेगळा ठेवा: १०० मि.लि. पाण्यात ०.८६३ ग्रॅम. यातले १ मि.लि. लिटरला घातले की ३० मायक्रोमोलर होते. २, ५ आणि १० मि.लि. घालून ६०, १५० आणि ३०० च्या पातळ्या मिळतात. तयार एमएस पावडर इथे चालत नाही, कारण तिच्यातले जस्त काढता येत नाही. पीएच ५.८ ला आणा, १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा).

शक्यतो द्रव माध्यमच वापरा. अगार (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) स्वतःचे जस्त आणि लोह घेऊन येते, शिवाय कॅलसला चिकटून बसते.

एमएसमध्ये लोह आणि ईडीटीए (धातूंना धरून ठेवणारे संयुग) दोन्ही सुमारे १०० मायक्रोमोलर असतात. जस्त खूप वाढवले की ईडीटीएचा काही भाग जस्ताकडे जातो आणि सुटलेल्या लोहातले काही फॉस्फेटबरोबर तळाशी बसते. मग ३०० च्या फ्लास्कमधला हिरवा कॅलस फिकट पडला, तर ती जस्ताची विषबाधा की लोहाची उपासमार, हे नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणून त्याच नमुन्यात लोहही मोजा. ईडीटीए वाढवायचे ठरवले, तर सगळ्या पातळ्यांत सारखेच वाढवा.

भांडी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवा आणि डीआयनाइज्ड पाण्याने तीनदा विसळा. रबरी बुचे आणि लॅटेक्सचे हातमोजे टाळा. रबर पक्के करताना झिंक ऑक्साइड वापरतात. पितळी चाळणीही नको, पितळ म्हणजे तांबे आणि जस्तच.

२५० मि.लि.च्या फ्लास्कमध्ये ५० मि.लि. माध्यम घेऊन ०.५ ग्रॅम ताजा कॅलस सोडा. प्रत्येक पातळीला किमान ५ फ्लास्क ठेवा. २५ अंश, शेकरवर मिनिटाला १०० ते १२० फेरे, ४ आठवडे. त्याच कॅलसचे तीन-चार तुकडे पहिल्याच दिवशी वाळवून बाजूला काढा, कारण आधीपासून त्यात असलेले जस्त शेवटी वजा करायचे आहे.

आता धुणे. बहुतेक फुगलेले आकडे इथेच जन्माला येतात. कॅलस नायलॉनच्या जाळीवर ओतून माध्यम निथळू द्या आणि एकदा पाण्याने विसळा. मग २० मिलिमोलर डायसोडियम ईडीटीएच्या गार द्रावणात १० मिनिटे हलक्या हाताने फिरवा आणि तीनदा पाण्याने धुवा. वेळ लांबवू नका. ईडीटीए पेशीपटलावरचे कॅल्शियमही ओढते, पटल गळू लागते आणि आतले जस्त बाहेर येते. एका फ्लास्कमधला अर्धा कॅलस फक्त पाण्याने आणि अर्धा ईडीटीएने धुऊन पाहा. दोघांतला फरक म्हणजे बहुतांशी नुसते चिकटलेले जस्त.

६५ ते ७० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत, साधारण ४८ तास वाळवा. कॅलसमध्ये पाणीच फार, त्यामुळे कोरडा माल हाती थोडाच येतो. तो अगेटच्या खलात कुटा.

०.२ ग्रॅम पूड, ५ मि.लि. ६५ टक्के नायट्रिक आम्ल, फ्यूम हूडमध्ये सैल झाकणाखाली रात्रभर. दुसऱ्या दिवशी १२० अंशांवर तपकिरी धूर थांबेपर्यंत तापवा. पूर्ण गार झाल्यावरच ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबथेंब, एकूण २ मि.लि. घाला आणि पुन्हा तापवा. गरम आम्लात पेरॉक्साइड ओतले तर नळीतला माल उसळून अंगावर येतो. द्रावण नितळ किंवा फिक्कट पिवळे झाले की २५ मि.लि. करा. प्रत्येक खेपेत दोन कोऱ्या नळ्या (पूड न घालता बाकी सगळे तसेच केलेल्या) आणि जस्ताचे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या, प्रमाणित पानांच्या पुडीचा एक नमुना हवाच. एएएसवर (अणुशोषण वर्णपटमापकावर) जस्त २१३.९ आणि लोह २४८.३ नॅनोमीटरला वाचा. मानक द्रावणांत (धातूचे प्रमाण ठाऊक असलेल्या) आम्लाचे प्रमाण नमुन्याइतकेच ठेवा.

वाचन ०.८५ आणि कोऱ्या नळीचे ०.०५ मि.ग्रॅ. प्रति लिटर आले, तर (०.८५ − ०.०५) × २५ ÷ ०.२ = १०० मि.ग्रॅ. प्रति किलो.

पण एवढ्यावर ‘साठले’ म्हणू नका. समजा, नियंत्रणात ०.४० ग्रॅम कोरडा कॅलस आणि ६० मि.ग्रॅ. प्रति किलो, तर फ्लास्कमागे २४ मायक्रोग्रॅम. ३०० च्या पातळीवर कॅलस खुरटून ०.१० ग्रॅमच झाला आणि १८० मि.ग्रॅ. प्रति किलो आले, तर १८ मायक्रोग्रॅम. तीव्रता तिप्पट, साठा मात्र कमी. म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या.

शेवटी जमाखर्च. ३० मायक्रोमोलरच्या ५० मि.लि. माध्यमात जस्त ९८ मायक्रोग्रॅम असते. त्यात सुरुवातीच्या कॅलसमधले मिळवा. शेवटचा कॅलस, धुण्याचे पाणी आणि उरलेले माध्यम यांची बेरीज त्याच्या आसपास यायला हवी. बरीच जास्त आली, तर आधी बुचे आणि हातमोजे तपासा.