सेंट क्लाउडला येताय? मग फादर पीर्झ माहीत हवेत

मिनेसोटात नोकरी म्हटलं की आपली मंडळी मिनिआपोलिस धरून चालतात. सेंट क्लाउड किंवा कोल्ड स्प्रिंगचं पत्र हाती आलं की चेहरा पडतो. इथे बरीच वर्षं काढलेली असल्यामुळे एक गोष्ट आग्रहाने सांगते: या भागात माणसं भेटतात ती चर्चच्या हॉलमध्ये. तुम्ही आमच्यासारखे वसईचे ख्रिस्ती असा नाहीतर साताऱ्याचे हिंदू, तिथे जाच.

हे असं का, ते फादर फ्रान्सिस पीर्झ यांच्यामुळे कळतं. मूळचे स्लोव्हेनियाचे हे फादर १८३५ मध्ये अमेरिकेत आले आणि १८५२ मध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी, मिनेसोटातल्या क्रो विंगला, ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांत मिशनरी म्हणून पोचले. मिस्साचं, म्हणजे कॅथलिक उपासनेचं, सामान पाठीवर घेऊन ते बर्फातूनही पायी हिंडायचे. पुढे सॉक नदीच्या खोऱ्यात जर्मन कुटुंबं आली तेव्हा चर्च कुठलं असायला? ओंडक्यांच्या घरात, जेवायच्या टेबलावर मिस्सा व्हायची.

ती कुटुंबं आली हीसुद्धा फादरांचीच करणी. १८५४-५५ मध्ये त्यांनी सिनसिनाटीच्या जर्मन कॅथलिक वर्तमानपत्रात पत्रं लिहिली: जमीन कसदार आहे, हवा निरोगी आहे, लवकर या म्हणजे चांगल्या जागा मिळतील. नास्तिक आणि चळवळ्यांना मात्र सोबत आणू नका, असंही बजावलं. लोक खरोखरच आले. १८५६ मध्ये पेनसिल्व्हेनियाहून बेनेडिक्टाइन या कॅथलिक पंथाचे संन्यासी आले. आजचा सेंट जॉन्स मठ आणि विद्यापीठ त्यांचंच. ज्या ओजिब्वे लोकांसाठी फादर आले, त्यांची आणि डकोटा या दुसऱ्या मूळ रहिवाशांची जमीन मात्र याच काळात हातची जात होती. मला हे विसरता येत नाही.

नव्या शेतकऱ्यांचंही सगळं सुखाचं नव्हतं. टोळधाडीने पिकं फस्त केली, तेव्हा कोल्ड स्प्रिंगच्या लोकांनी मरियामातेला नवस बोलून १८७७ मध्ये टेकडीवर चॅपेल बांधलं. ते वादळात गेलं. आताचं ग्रॅनाइटचं १९५२चं आहे. दारावरच्या कोरीवकामात मरियेच्या पायाशी टोळ दिसतात, नीट बघा.

आता कामाचं. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये फिश फ्राय, म्हणजे तळलेल्या माशांचं सामुदायिक जेवण, असतं. लवकर जा, अनोळखी आजोबांच्या टेबलावर बसा आणि त्यांच्या शेतीबद्दल विचारा. इथली माणसं आपणहून चौकशी करत नाहीत. तो तुसडेपणा समजू नका, तुम्ही विचारलंत की ती खुलतात. हिवाळ्यात गाडीच्या डिकीत घोंगडी आणि फावडं ठेवा. बर्फ उपसायच्या रात्री गाडी रस्त्यावर ठेवता येते का, हे घरमालकाला पहिल्याच आठवड्यात विचारा.

देवळासाठी मेपल ग्रोव्हला जावं लागतं, आय-९४ने सरळ रस्ता आहे. बोकडाचं मटण मात्र गावातच मिळतं, सोमाली दुकानांत. हाडासकट हवं असेल तर तसं आधी सांगा, कापून देतात.