शब्दाचा पहिला आवाज आणि अक्षर : जोडी कशी लावून घ्यायची

चार-साडेचार वर्षांचं मूल तक्त्याकडे बघून ‘क कमळाचा’ धडाधड म्हणतं. कमळावर हात ठेवला की अडतं, कारण त्याने चित्र पाठ केलेलं असतं. म्हणून आधी आवाज कानाने पकडू द्या, अक्षर नंतर दाखवा.

सुरुवातीला क, म, ल ही तीनच अक्षरं घ्या. ऐकायला आणि दिसायला ती वेगळी आहेत. खऱ्या वस्तू टोपलीत ठेवा : कप, कढई, करवत (खेळण्यातली); मणी, मसूर, मनुका; लवंग, लसूण, लोकरीची लडी. शब्द निवडताना खरी मेहनत आहे. कासव, किल्ली इथे नकोत. मुलाला तिथे ‘का’, ‘कि’ ऐकू येतं आणि त्याचं बरोबरच असतं. प्रत्येक वस्तूला ते घरी काय म्हणतं तेही आधी विचारा. तुम्ही कणीस ठेवलंत आणि त्याच्या लेखी तो मका असेल, तर ते ‘म’कडेच नेणार.

रोज दहा मिनिटं पुरेत. ‘म...सूर’ असं पहिल्या अक्षरानंतर जरा थांबून म्हणा. म ओढू नका, त्याचा ‘मा’ होतो. मग ‘म-ने सुरू होणारं काहीतरी दे’ असं मागा. चुकलं तर दोन्ही शब्द शेजारी म्हणा : ‘मसूर, कप. सुरुवात सारखी आहे का?’ सलग दोन दिवस नऊपैकी आठ वस्तू बरोबर आल्या की अक्षर आणा.

बारीक सँडपेपरची अक्षरं कापून पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवा. मूल वळणाप्रमाणे बोट फिरवत आवाज म्हणेल. सँडपेपर नसेल तर ताटात रवा पसरा. मग तिन्ही कार्डं मांडून ज्याच्या त्याच्या खाली वस्तू लावायच्या. शेवटी वस्तू उचलून ठेवा आणि नुसता शब्द सांगा. कार्ड त्याने द्यायचं. जोडी जमली की नाही, ते इथेच कळतं.

पुढची अक्षरं दोन-दोन वाढवा. म पक्का होईपर्यंत भ नको. घ-ध आणि ब-व या जोड्याही एका आठवड्यात आणू नका. ब आणि भ कानाला सारखे वाटत असतील तर तोंडासमोर तळहात धरायला सांगा. भ म्हणताना हवेचा झोत लागतो.

च, ज, झ जपून. चटई, चप्पल यांतला च वेगळा, चहा, चंद्र यांतला वेगळा. आधी एकाच उच्चाराचे शब्द घ्या, दुसरा दोन-तीन आठवड्यांनी.

ण आणि ळ यांच्यापासून शब्द सुरू होत नाहीत. ते सगळ्यात शेवटी घ्या आणि तिथे प्रश्नच बदला : बाण, नळ म्हणून ‘शेवटी काय ऐकू आलं?’ असं विचारा.