आखातात नोकरीचा व्हिसा काढताना या चुका टाळा

‘आधी व्हिजिटवर जा, तिथे पोचलात की कंपनी व्हिसा बदलून देईल.’ एजंट असं म्हणाला की पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका. यूएईत व्हिजिटचा कामाचा व्हिसा करून घेता येतो, हे खरं. पण तो होईपर्यंत काम करणं बेकायदा. या काळात पगार बुडाला तर दाखवायला ना करार असतो, ना लेबर कार्ड.

दहावी न झालेल्यांना यात दुहेरी फटका बसतो. त्यांचा पासपोर्ट सहसा ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागणारा, असतो आणि १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून ती मंजुरी घ्यावी लागते. त्याच वेळी १० लाखांचा प्रवासी भारतीय विमाही उतरवला जातो. व्हिजिटवर गेलात की दोन्ही हुकतं. दहावी झालीय, पण पासपोर्ट ईसीआरच राहिलाय? मग गुणपत्रिका जोडून आधी तो बदलून घ्या.

दुसरी चूक पदनामाची. सौदीच्या व्हिसावर हुद्दा अरबीतही असतो आणि आपण तो वाचत नाही. ट्रेलर चालवायला निघालात आणि कागदावर ‘सायक खास’, म्हणजे घरगुती ड्रायव्हर, असेल तर तुम्ही तिथल्या कामगार कायद्याच्या बाहेर गेलात. घरकामगारांचे नियम वेगळे आहेत. ‘आमिल’ म्हणजे साधा मजूर. गावात अरबी जाणणारा कुणीतरी भेटतोच, सही करण्याआधी त्याच्याकडून वाचून घ्या. ‘तिथे गेल्यावर बदलू’ यावर विसंबू नका.

कोकणात ‘आझाद व्हिसा’चं आकर्षण अजून सुटत नाही. असा व्हिसा कायद्यात नाहीच. कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, एक आणि काम दुसरीकडे, म्हणजे पकडलं गेल्यावर दंड आणि परत पाठवणी. शेजारचा कुणी असाच जाऊन बंगला बांधून आला असेल, तर ते त्याचं नशीब.

एजंटचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, तो चालू आहे का तेही बघा. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. पावती देत नसेल तर पैसेही देऊ नका.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद आधीच हाताशी ठेवा. व्हिसा अर्ज गेल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. साक्षांकनातही गफलत होते. सौदी, ओमान आणि बहारीनला अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार मिळणारं परराष्ट्र मंत्रालयाचं एकच साक्षांकन, चालतं. यूएई, कतार आणि कुवेत त्या करारात नाहीत. तिथल्यासाठी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी त्या देशाची वकिलात, या क्रमाने शिक्के घ्यावे लागतात. सरसकट अपोस्टिल करून आणलं तर पैसे फुकट जातात.

आणि मेडिकलची घाई करू नका. वाफिद, म्हणजे आखाती देशांसाठीच्या वैद्यकीय तपासणीची व्यवस्था, हिच्या अहवालाची मुदत थोडी असते. ऑफर लेटर हाती नसताना चाचणी केली आणि व्हिसा लांबला, तर तीच चाचणी पुन्हा पैसे भरून करावी लागते.