नेटवर्क नसलेल्या वर्गात दीक्षा अ‍ॅप : माझा अनुभव

साक्री तालुक्यातील आमच्या शाळेत लोकसहभागातून टीव्ही आला, तेव्हा बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपने स्कॅन करून व्हिडिओ लावला की पाठ रंगेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात पडद्यावर चक्र फिरत राही आणि ३५ मिनिटांच्या तासिकेतील १० मिनिटे त्यातच जात.

आता सुटीच्या दिवशी साक्रीला गेलो की आठवड्याचे व्हिडिओ दीक्षा अ‍ॅपमध्ये डाउनलोड करून ठेवतो व वर्गात फोन केबलने टीव्हीला जोडतो. डाउनलोड केलेले व्हिडिओ इंटरनेटशिवाय चालतात.

खरी अडचण मात्र नंतर कळली. बाष्पीभवनाचा व्हिडिओ मुलांनी टक लावून पाहिला, पण विचारल्यावर कोणालाच सांगता येईना, कारण घरी अहिराणी बोलणाऱ्या या मुलांना निवेदनाची पुस्तकी मराठी जड जात होती. म्हणून मी मधेमधे व्हिडिओ थांबवून तेच दृश्य त्यांना अहिराणीतून सांगायला लावू लागलो. शिवाय दोन वाट्यांत सारखे पाणी घेऊन एक उन्हात, दुसरी माठाजवळ ठेवली. दुपारी उन्हातल्या वाटीत क्षारांची पांढरी कडा तेवढी उरली होती, ती एका मुलीने नखाने खरवडली आणि म्हणाली, "पानी उडी गयं!" तेव्हापासून हा पाठ शिकवताना वाट्या आधी मांडतो आणि व्हिडिओ नंतर लावतो.